चिमणी बँकेचा चढ: नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये दिवसभर सायकल चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं इंग्लंडमधल्या यॉर्कला आहे. दर एप्रिल-मेमध्ये पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात. कुणी मुलीकडे येणार असतं, कुणाचं कंपनीचं काम असतं, आणि दोन वाक्यांनंतर गाडी मुद्द्यावर येते: "एक दिवस मोकळा आहे, सायकल मारायला कुठे जाऊ?" मी मूर्सचं नाव घेते. मग प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

मूर म्हणजे नेमकं काय?

आपल्या भाषेत अगदी जवळचा शब्द सडा. कासचं पठार डोळ्यांपुढे आणा: माथा सपाट, झाड नाही, वारा मोकाट. फक्त जांभ्याच्या जागी वालुकाश्म आणि त्यावर पीटची काळी, स्पंजासारखी ओली माती. त्या मातीत गुडघाभर उंचीचं हेदर नावाचं झुडूप मैलोन्‌मैल पसरलेलं असतं. वर्षातले दहा-अकरा महिने ते तपकिरी, मरगळलेलं दिसतं. ऑगस्टमध्ये मात्र सगळं जांभळं होतं. कासला सप्टेंबरात जशी गर्दी होते तशी इथे ऑगस्टात होते, पण पास काढावा लागत नाही.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सडा मुळातच खडक. मूर बऱ्याच अंशी माणसाने केलेली. कांस्ययुगापासून इथलं जंगल तोडलं गेलं, माती आम्ल झाली, आणि पुढे मेंढ्या चारून, ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीसाठी हेदर तुकड्यातुकड्यांनी जाळून ती तशीच राखली गेली. डोंगरावर काळे-हिरवे चौकोन दिसले तर ते वणव्याचे नाहीत, ठरवून जाळलेले आहेत.

नॉर्थ यॉर्क मूर्स हे राष्ट्रीय उद्यान १९५२ साली झालं. क्षेत्रफळ सुमारे १,४३६ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा ४५४ मीटर.

फक्त ४५४ मीटर? पुणंच ५६० मीटरवर आहे!

हो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती हसते. त्यातल्या बहुतेकांनी संध्याकाळी फोन करून वेगळं काहीतरी सांगितलं.

इथे उंचीचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे चढाच्या घडणीचा. पठाराला उभ्या चिरा पडाव्यात तशा दऱ्या आहेत: फार्नडेल, रोझडेल, वेस्टरडेल, फ्रायअप, ग्लेझडेल. रस्ता एका दरीत उतरतो, ओढा ओलांडतो, पलीकडून सरळ वर चढतो, माथ्यावर दहा मिनिटं वारा खातो आणि पुढच्या दरीत पडतो. दर वेळी दीडशे-दोनशे मीटर. एकेक चढ दहा-पंधरा मिनिटांत संपतो, पण असे सात-आठ झाले की मांड्या हिशोब मागतात.

शिवाय हे रस्ते कुणी मोजून आखलेले नाहीत. आपले घाट बैलगाड्यांचा विचार करून, चढ राखत, वळणं देत काढले. पसरणीचा घाट वाईहून पाचगणीला नेतो तो सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. कुठे दम लागला तरी पुढच्या वळणावर सावरता येतं. मूरवरच्या वाटा मेंढपाळांच्या आणि ओझ्याच्या तट्टांच्या. तट्टू जिथून गेलं तिथेच पुढे डांबर पडलं. घाट आपल्याला वर नेतो. हा चढ अंगावर येतो.

"वन इन थ्री" म्हणजे किती?

तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. टक्क्यांत ३३. नव्या पाट्यांवर टक्के असतात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून "वन इन फोर", "वन इन थ्री" हेच असतं. वन इन टेन म्हणजे १० टक्के, फाइव्ह म्हणजे २०, फोर म्हणजे २५. पाटीवरचा आकडा चढाच्या सर्वांत तीव्र तुकड्याचा असतो, सगळ्या चढाचा नव्हे. हे कळल्यावर जरा धीर येतो. प्रत्यक्ष तो तुकडा आला की धीर जातो.

आणि ही चिमणी बँक काय आहे?

माझ्या आईने हे नाव ऐकून विचारलं होतं, "लहान मुलांची बचत योजना आहे का?" चिमणी म्हणजे इथे धुराडं, आणि "बँक" म्हणजे यॉर्कशायरच्या बोलीत उभा चढ. पूर्ण नाव रोझडेल चिमणी बँक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रोझडेलमध्ये लोखंडाच्या खनिजाच्या खाणी सुरू झाल्या, १८६१ मध्ये माथ्यावरून रेल्वे आली, १९२९ मध्ये ती बंद पडली. खाणीच्या इंजिनाचं उंच धुराडं या चढाच्या डोक्यावर उभं होतं. १९७२ मध्ये ते पाडलं, नाव तेवढं उरलं. भट्ट्यांच्या दगडी कमानी अजून आहेत, आणि रुळांची वाट आता चालणाऱ्यांची झाली आहे.

चढ दीड किलोमीटरच्याही आत संपतो. तेवढ्यात पावणेदोनशे मीटर वर. पाटी ३३ टक्क्यांची. इंग्लंडमधला सर्वांत उभा रस्ता हा की लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट, यावर इथल्या चहाच्या टेबलांवर वाद चालतो. दोन्हीकडचा सर्वांत तीव्र तुकडा वन इन थ्रीच्याच आसपास आहे.

मी दर रविवारी सिंहगड करतो. पुरेल ना?

दमाला पुरेल, गिअरला पुरेलच असं नाही.

थोडं गणित करू. तुम्ही ७० किलो आणि सायकल, पाणी, सामान मिळून १०, एकूण ८०. २५ टक्क्यांच्या चढावर ताशी ६ किलोमीटरने जायचं तर नुसतं वजन वर उचलायला सुमारे ३१७ वॉट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. सिंहगडावर दम लागला की वेग कमी करून निभावता येतं. इथे वेग आणखी कमी केला तर सायकल उभीच राहत नाही. म्हणजे सायकल चालती ठेवण्यापुरती किमान ताकद पायात हवीच, आणि ती ताकद योग्य फेऱ्यांत वापरता यायला हवी.

त्यासाठी गिअर बघा. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे सर्वांत मोठी २८ दातांची असेल, तर ताशी ६ किलोमीटरला पॅडलच्या मिनिटाला जेमतेम ३९ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी म्हणजे जिन्याची पायरी, तीही दोन-दोन पायऱ्या एकदम. मागे ३४ केलीत तर ४७-४८ फेऱ्या. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ५४. माझा स्पष्ट सल्ला: मागे किमान ३४ घ्या, लाजू नका. भाड्याची सायकल ठरवताना रंग आणि कंपनी न विचारता आधी मागच्या चकतीचे दात विचारा. दुकानदार तिथेच ओळखतो की बाईंना चढायचं आहे.

सरावासाठी लांब घाटापेक्षा जवळचा एखादा नकोसा वाटणारा उभा तुकडा शोधा. सोसायटीच्या मागचा टेकडीचा रस्ता, वाडीवर जाणारा सिमेंटचा चढ. तो बसून आठ वेळा चढा, मध्ये पूर्ण खाली या. सहाव्या-सातव्या वेळी पायांना जे वाटतं ते इथे दुपारी तीनला वाटतं.

दिवसभराचा एक मार्ग सांगा.

मी पाहुण्यांना हा देते. यॉर्कहून रेल्वेने मॉल्टन. काही गाड्यांत सायकलची जागा आधी राखावी लागते, ते आदल्या दिवशी बघा. मॉल्टन ते पिकरिंग १३ किलोमीटर, पाय मोकळे करायला बरे. तिथून क्रॉप्टनवरून रोझडेल ॲबी. (नावात ॲबी असली तरी तिथे मठ नव्हता, जोगिणींचा छोटा आश्रम होता, त्याचा जिन्याचा एक दगडी बुरूज तेवढा शिल्लक आहे.) मग चिमणी बँक चढून हटन-ल-होल. तिथून ब्लेकी रिजवर चढ. हा लांब आहे, फार उभा नाही, घाटाची सवय असलेल्यांना घरी आल्यासारखं वाटतं. माथ्यावर ४०० मीटरच्या जरा वर लायन इन नावाचं जुनं पथिकगृह आहे, जेवण तिथे. पुढे राल्फ क्रॉस. हा दगडी क्रूस म्हणजे या उद्यानाचं बोधचिन्ह. मग उतरून कॅसलटन, डॅनबी, लीलहोम, ग्लेझडेल.

ग्लेझडेलला स्टेशनाशेजारी बेगर्स ब्रिज नावाचा १६१९ चा एका कमानीचा पूल आहे. पाच मिनिटं तिथे बसा, कारण पुढचा लिंबर हिल पुन्हा वन इन थ्रीचा. मग एग्टन, एग्टन ब्रिज, एग्टनची मोठी मूर ओलांडून पुन्हा रोझडेलच्या बाजूला, आणि पिकरिंगमार्गे मॉल्टन.

सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. माझ्या मीटरवर चढ दोन हजार मीटरच्या वर जातो. ज्यांनी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांत केली आहे त्यांना अंतर काहीच वाटणार नाही. तरीही थांबे धरून दहा तास हाताशी ठेवा.

चिमणी बँक चढायची कशी?

गावातून निघतानाच सर्वांत हलका गिअर लावून ठेवा. हे मी पडून शिकले. पहिल्या वेळी मी "अजून एक गिअर राखून ठेवू" म्हणून चढत गेले. आपल्याला शिल्लक टाकायची सवय. पहिल्या तीव्र वळणावर सगळा जोर पॅडलवर असताना तो राखलेला गिअर टाकला. कर्रर्र आवाज झाला, चेन मोठ्या चकतीपलीकडे उडून आऱ्यांत अडकली, पॅडल जागच्या जागी थांबलं. बुटाची क्लीट (तळव्याचा, पॅडलमध्ये अडकणारा तुकडा) सुटेपर्यंत मी डावीकडे गवतात आडवी झाले होते. क्वाड बाइकवरून एक शेतकरी चालला होता. त्याने इंजिन चालूच ठेवून विचारलं, "ऑल राइट, लव्ह?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, इथेच पडतात सगळे, आणि गेला. चेनचं काळं ग्रीस नखांतून निघायला चार दिवस लागले.

तर: गिअर आधी. सुरुवातीच्या घरांपाशी मुद्दाम हळू, कारण तिथे ताकद असते आणि ती उधळली जाते. मग बसूनच चढा, पण खोगिराच्या पुढच्या टोकाला सरकून, कोपरं वाकवून, छाती हँडलवर. मागे बसलात तर पुढचं चाक उचलतं. ओल्या रस्त्यावर उभं राहिलात तर मागचं चाक घसरतं. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, ती शोधावी लागते. वळणाची आतली कड सर्वांत उभी, म्हणून समोरून-मागून गाडी नसेल तेव्हाच जरा बाहेरून घ्या. नागमोडी चढलं तर चढ कमी होतो हे खरं, पण रस्ता अरुंद आहे आणि वरून येणाऱ्याचेही ब्रेक तापलेले असतात.

वळणं संपली की सरळ तुकडा येतो आणि वाटतं जिंकलं. तोही चांगलाच चढ आहे. मोजत बसू नका, समोरच्या दोन हात डांबराकडे बघा.

मध्येच उतरावं लागलं तर?

उतरा. ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. ज्या वेगाने मी चढते त्या वेगाने माणसं चालतातही. क्लीटचे बूट मात्र ३० टक्क्यांच्या चढावर डांबरावरून घसरतात, म्हणून रबरी टोप्या खिशात ठेवा किंवा गवताच्या कडेने चाला.

पुन्हा बसायचं असेल तर सरळ वर तोंड करून निघता येत नाही. रस्ता मोकळा बघून सायकल आडवी धरा, एक पाय अडकवा, आडवंच दोन फेऱ्या मारा, मग वळा. जमत नसेल तर पुढच्या कमी उभ्या तुकड्यापर्यंत चालत जा.

उतार कितपत धोक्याचा आहे?

माझ्या मते चढापेक्षा जास्त. चढावर पडलं तर वेग ताशी पाच असतो.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. धरा, सोडा, धरा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. दोन गोष्टी आपल्याकडे भेटत नाहीत. एक म्हणजे कॅटल ग्रिड: मेंढ्या जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या टाकलेल्या लोखंडी नळ्या. त्यावरून सरळ जायचं, हँडल धरायचं पण आवळायचं नाही, ब्रेकला हात लावायचा नाही, आणि पाऊस असेल तर अजिबात वळायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेंढ्या. इथे बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर ते नेमकं तुम्ही जवळ आल्यावर पळत सुटणार. आपल्या शेळ्यांचा अनुभव असेल तर नवल वाटणार नाही. हेदरमधून फर्रकन ग्राऊस उडतो तेव्हाही दचकायला होतं. त्याची हाक "गो-बॅक, गो-बॅक" अशी ऐकू येते. चढावर ती फार लागते.

वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने, ती एक सोय.

कुठल्या महिन्यात यावं? पाऊस?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत दिसतं, त्यामुळे घाई नसते. एप्रिलच्या सुमारास फार्नडेलमध्ये रानटी डॅफोडिल फुलतात, पण माथ्यावर गारठा असतो. १२ ऑगस्टपासून ग्राऊसची शिकार सुरू होते. रस्ते चालू असतात, बंदुकांचे आवाज येतात, घाबरू नका. डिसेंबरात पावणेचारला अंधार. नकोच.

पावसापेक्षा वाऱ्याचा विचार करा. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि माथ्यावर आडोसा शून्य. ब्लेकी रिजवर पाठीशी वारा असताना मी फुकटात उडत गेले आहे, आणि त्याच रस्त्याने परत येताना सपाटीवर चढाचा गिअर लावला आहे. पूर्वेकडून समुद्राचं धुकं कधी कधी आत येतं. खाली ऊन आणि वर दहा हातांपलीकडचं दिसत नाही. मागचा लाल दिवा म्हणूनच भरदिवसाही हवा.

कपडे?

चढावर घाम, माथ्यावर थंडी, उतारावर आणखी थंडी. पातळ, घडी होणारं वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, जूनमध्येसुद्धा. बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबता येत नाही.

खायला काय न्यायचं, पाणी कुठे?

पहिल्या तासापासून खा. भूक लागल्यावर खाल्लेलं पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही. मी खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि मीठ-तूप लावलेली गुंडाळी पोळी नेते. जेलची पाकिटं ज्यांना जातात त्यांना जावोत. चहाच्या दुकानात पार्किन मिळालं तर घ्या: ओट आणि काकवीसारख्या पाकाचा आल्याचा केक. तोंडात टाकला की आपल्याकडची गुऱ्हाळं आठवतात.

पाणी गावांत विचारलं की भरून देतात. चर्चच्या आवारात फुलांसाठी नळ असतो तोही बघावा, मात्र पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना हे आधी वाचा. रोझडेल ते लायन इन आणि एग्टन ब्रिज ते रोझडेल या दोन टप्प्यांआधी दोन्ही बाटल्या भरलेल्या हव्यात.

सायकल बिघडली किंवा पाय संपले तर?

दऱ्यांत मोबाइलला रेंज धड नसते. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, घरी मार्ग सांगून निघा. दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी. अपघात झाल्यास ९९९ किंवा ११२.

या मार्गाची एक मोठी सोय म्हणजे एस्क नदीच्या खोऱ्यातली रेल्वे, मिडल्सब्रो ते व्हिटबी. कॅसलटन, डॅनबी, लीलहोम, ग्लेझडेल, एग्टन या सगळ्यांना स्टेशन आहे. निम्मा दिवस झाल्यावर नको वाटलं तर इथून सुटका होते. गाड्या दिवसात मोजक्याच, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. सुटका मिडल्सब्रोला होते, मॉल्टनला नाही, हेही लक्षात असू द्या. पाहुण्यांपैकी एक जण ते विसरला आणि रात्री अकराला घरी आला.

बाईने एकटीने जावं का?

मी जाते. भीती माणसांची नाही, हवेची वाटते.

ई-सायकल चालेल?

चालेल, माझे सासरे गेले होते. बॅटरी चढांवर भराभर उतरते, म्हणून लायन इनला जेवताना विचारून चार्जिंग होतंय का बघा. चार्जर सोबत न्या, ते विसरले होते.

ती "फॅट बेटी" काय भानगड आहे? तिथे काहीतरी ठेवतात म्हणे.

राल्फ क्रॉसपासून जरा आडवाटेला, रोझडेलच्या रस्त्यावर, चुन्यासारखा पांढरा रंगवलेला एक बुटका दगडी क्रूस आहे. तीच बेटी. वाटसरूने तिथे खायची एखादी वस्तू ठेवायची आणि आधी कुणी ठेवलेली उचलायची, अशी रीत आहे. आपल्याकडे खिंडीतल्या देवाला खडा किंवा पान वाहतात, तसंच काहीसं.

ठेवायचं ते गुंडाळलेलं असावं, नाहीतर मेंढ्या नेतात. मी राजगिऱ्याची चिक्की ठेवते. मागच्या वेळी दगडावर एक नाणं, पावसाने फुगलेली बिस्किटं आणि रॅपरमधली एक टॉफी होती. टॉफी घेतली. ती लिंबर हिलवर तोंडात होती.